राजाचं शेत, आजीचं घर

जुन्या वळणाच्या स्वाझी घरठाण्यात गेलात तर मधोमध गुरांचा गोठा दिसतो. आपल्याकडे गोठा परसात किंवा घराच्या कडेला. तिथे तोच घराचा गाभा. लाकडी खुंटांचं गोल कुंपण, आत गुरं, आणि त्या गोठ्याच्या माथ्याशी सगळ्या झोपड्यांत थोरली अशी एक झोपडी. घरधनी तिथे राहत नाही, त्याच्या बायकाही राहत नाहीत. ती झोपडी असते त्याच्या आईची. तिचं नाव 'इंड्लुन्खुलू', म्हणजे थोरलं घर. पोरं तिला 'कागोगो' म्हणतात. गोगो म्हणजे आजी; कागोगो म्हणजे 'आजीकडे'. दूध सुटलं की मूल आईच्या झोपडीतून निघतं आणि भावंडांच्या रांगेत आजीकडे झोपायला लागतं. पितरांची जागाही याच झोपडीत, मागच्या भिंतीशी. घरातलं सगळ्यात सोवळं ठिकाण आणि घरातली सगळ्यात दंगेखोर मंडळी एकाच छपराखाली नांदतात!

ही माहिती मानववंशशास्त्राच्या एखाद्या जाड पुस्तकात सुखाने पडून राहिली असती. पण नव्वदच्या दशकात या देशावर जे ओढवलं, त्यात हीच झोपडी कामाला आली.

देश म्हणजे एस्वातिनी. २०१८ पर्यंत त्याला स्वाझीलँड म्हणत. आकार आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा जेमतेम तीनेकशे चौरस किलोमीटरने मोठा. लोकसंख्या मात्र त्या जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी, बारा लाखांच्या आसपास. २००४ साली तिथल्या दवाखान्यांत तपासलेल्या गरोदर बायकांपैकी ४२.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. हा आकडा मी दोनदा वाचला. आपल्या तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्यासमोरच्या बाकड्यावर पाच जणी बसल्यात आणि त्यातल्या दोघींना हा आजार आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. एचआयव्हीवरची औषधं तेव्हा तिथल्या खेड्यांत नुकती कुठे पोचू लागली होती. म्हणजे पुढे काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. आईबाप जाणार, मुलं राहणार.

मग ही मुलं गेली कुठे? माझ्या डोक्यात पहिला शब्द आला 'अनाथाश्रम'. तुमच्याही आला असेल. पण सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत एड्सच्या त्या भरात आईबाप गमावलेल्या दहा मुलांमागे नऊ मुलं आपल्याच नात्यागोत्यात राहिली. संस्था, मिशन, सरकार या सगळ्यांच्या वाट्याला उरलेलं एखादं. एवढी मोठी सोय कुणी ठरवली, कुठल्या कागदावर, कुणाच्या सहीने? कुणीच नाही. ती आधीपासून होती. कशी, ते पाहण्यासारखं आहे.

पण त्याआधी 'अनाथ' या शब्दाची जरा झाडाझडती घेऊ, कारण आकड्यांचा बराच घोळ त्यात आहे. मराठीत आई हयात असलेल्या मुलाला आपण अनाथ म्हणणार नाही. 'पोरका' म्हणतानाही जीभ अडखळेल. युनिसेफच्या व्याख्येत मात्र आई किंवा बाप यांपैकी एक गेला तरी मूल अनाथांच्या मोजणीत येतं. त्यामुळे जगभरच्या बातम्यांत जे कोट्यवधी 'आफ्रिकी अनाथ' दिसतात, त्यांतल्या बहुतेकांची आई नाहीतर वडील जिवंत असतात. हे न कळल्यामुळे पुष्कळ भल्या माणसांनी परदेशातून पैसे गोळा करून अनाथाश्रम बांधले आणि ते भरलेही. गरिबीने गांजलेले आईबाप शाळा आणि जेवण मिळेल म्हणून मुलं तिथे सोडू लागले. खर्च तर विचारूच नका. टांझानियातल्या कागेरा भागात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हिशेब झाला, तेव्हा संस्थेत एक मूल ठेवायचा वर्षाचा खर्च हजार डॉलरच्या वर भरला. तेच मूल कुणाच्या घरी वाढवायला जो खर्च येई, त्याच्या हा जवळजवळ सहापट!

आता भाषेकडे येऊ. या व्यवस्थेचा पाया भाषेत आहे असं माझं मत आहे.

जवळच्याच झिंबाब्वेत शोना भाषा बोलतात. शोनात वडिलांच्या थोरल्या भावाला 'बाबामुकुरु' म्हणतात आणि धाकट्याला 'बाबामुनिनी'. यातला 'बाबा' आपलाच, म्हणजे बाप. थोरला बाप, धाकटा बाप. आईची थोरली बहीण 'माइगुरु', धाकटी 'माइनिनी': थोरली आई, धाकटी आई. इंग्रजीने ज्यांना 'अंकल' आणि 'आंटी'च्या दोन पोत्यांत कोंबलं, त्यांना शोनाने सरळ आईबापांच्याच रांगेत बसवलं. विदर्भातल्या वाचकाला यात फारसं नवल वाटणार नाही. तिकडे वडिलांचा थोरला भाऊ 'मोठे बाबा' आणि त्याची बायको 'मोठी आई' असते. 'माय मरो आणि मावशी जगो' ही आपली म्हण तरी दुसरं काय सांगते? एका शोना मुलाला जन्मतःच चारपाच आया आणि तितकेच बाप मिळतात. त्यातले दोघे गेले तर रांगेतला पुढचा माणूस पुढे सरकायचा, एवढंच.

आणि सरकायचं कुणी, हे ठरवण्याचीही रीत आहे. माणूस गेल्यावर पुढे जे विधी होतात, त्यात वारशाची वाटणी होते. त्यात एकाची नेमणूक 'सारापावाना' म्हणून होते. शब्दाचा अर्थच 'मुलांपाशी राहा'. सगळ्या नातेवाइकांच्या समोर, पितरांच्या साक्षीने एका माणसाच्या अंगावर हे नाव पडतं. मग मागे फिरायची सोय राहत नाही. कोर्टाचा पालकत्वाचा हुकूम याहून जास्त काय करतो?

अर्थात ही रीत दूधखुळी नव्हती. मूल कुणाचं, हे मुलीसाठी दिलेल्या गुरांवर ठरायचं. नवऱ्याकडून ती पोचली असतील तर मूल बापाच्या कुळाचं. नसतील तर आईच्या. नातं जपलं जाई, तसा हक्कही वाजवून घेतला जाई. एखादा काका भावाची पोरं सांभाळतो म्हणून त्याची जमीन आणि गुरं घेऊन जाई आणि पोरांना राबवून घेई. अशा तक्रारी भरपूर आहेत. नात्याचं जाळं म्हटलं की कुठे तरी गाठ सुटलेली असणारच.

एड्सने या जाळ्याच्या वर्मी घाव घातला. हा रोग म्हातारी किंवा लेकरं आधी नेत नाही, भर उमेदीतली माणसं नेतो. म्हणजे जे थोरले बाप आणि धाकट्या आया रांगेत उभे होते, तेच एकामागून एक गेले. रांग मागे सरकत सरकत आजीपर्यंत आली. पूर्वी काका-आत्यांचा मान पहिला होता; नव्वदच्या दशकात गावोगाव मुलं आजीच्या पदरी दिसू लागली, आणि पुष्कळदा आईच्या आईच्या. जिला आता सुनांनी बसवून खाऊ घालायचं, ती साठीपासष्टीतली बाई पुन्हा डोक्यावर पाण्याचं भांडं आणि पाठीवर तान्हं बांधून निघाली.

जिथे आजीही नव्हती, तिथे जे दिसलं त्याने अभ्यासकही हबकले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी युगांडातला राकाई जिल्हा आणि टांझानियातलं कागेरा या भागांत मुलांनीच चालवलेली घरं आढळू लागली. चौदापंधरा वर्षांची थोरली बहीण, तिच्यामागे तीनचार भावंडं, आणि घरात मोठं माणूस कुणीच नाही. पहिला अर्थ असा लावला गेला की समाज कोसळला. पण जवळून पाहिलं तर दुसरीच गोष्ट निघाली. पुष्कळ घरांत मुलं एकटी राहत होती ती ठरवून. घर सोडलं तर जमीन जाईल. वेगवेगळ्या नातेवाइकांकडे वाटली गेली तर भावंडं तुटतील. 'एकत्र राहा' असं आई मरताना सांगून गेलेली. आणि हाकेच्या अंतरावर कुणी मामा, कुणी चुलती राहत असे; रात्री डोकावून जाई, पेरणीला बैल देई. घर मुलांचं, पण नजर मोठ्यांची.

युगांडातल्या बायकांनी याच्याही पुढचं काही केलं. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांची 'नॅकवोला' नावाची संघटना तिथे १९९२ साली उभी राहिली. तिच्या सभासद बायका आपल्या मुलांसाठी वह्या लिहू लागल्या. तुझा जन्म कुठे झाला, पहिला दात कधी आला, तुझ्या बापाचं कुळ कोणतं, तुझे मामा कोण, आपली जमीन कुठून कुठवर. काहींना लिहिता येत नव्हतं. त्या सांगत आणि दुसरी लिहून घेई. मुलासमोर आजाराची गोष्ट पहिल्यांदा बोलली गेली ती पुष्कळ घरांत या वहीमुळे. या वह्यांतला जमिनीच्या बांधांचा उल्लेख मला फार भारी वाटतो. माया आहे, पण सातबाराही आहे!

आता शेताची गोष्ट. शीर्षकातला राजा म्हणजे गावचा मुखिया, शोनात 'माम्बो'. जुन्या काळी माम्बोच्या नावाने एक शेत राखलेलं असे: 'झुंदे रामाम्बो', माम्बोचं शेत. त्यात सगळ्या गावाने पाळीपाळीने राबायचं. नांगरणी, पेरणी, खुरपणी, कापणी. पीक माम्बोच्या कणगीत जाई, पण ते त्याच्या एकट्याच्या पोटासाठी नसे. दुष्काळ पडला, घर जळलं, कुणी म्हातारं निराधार झालं, मुलं पोरकी झाली, वाटसरू आला, की त्या कणगीचं तोंड उघडायचं. इंग्रजी अमलात आणि पुढच्या धामधुमीत ही चाल बरीचशी विरून गेली. नव्वदच्या दशकात, पोरक्या मुलांची संख्या पाहून, झिंबाब्वेतल्या मुखियांनी ती पुन्हा उचलून धरली.

या शेतामागची अक्कल किती खोल आहे, ते पाहा. गावातल्या गरिबाकडे पैसा नसतो, पण दिवस असतो. झुंदेत वर्गणी पैशांची नाही, दिवसांची. ज्याच्याकडे काहीही नाही तोही देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहू शकतो. पोरकी मुलंसुद्धा त्या शेतात खुरपायला येतात; मग कणगीतला मका घरी नेताना ती भीक राहत नाही. शिवाय देणगी येते कुठून तरी दुरून आणि थांबते कुणाच्या तरी लहरीने. शेत जागच्या जागी असतं.

अर्थात शेताची दुखणीही शेताचीच. पाऊस नाही तर झुंदेही नाही, आणि गरज नेमकी त्याच साली सगळ्यात मोठी. खत महाग, बियाणं वेळेवर नाही. राबायला येतात त्या बहुतेक बायका, आणि त्यांचं स्वतःचं शेत तोवर तणाने माजतं. काही ठिकाणी मुखियाच्या मर्जीतल्यांची पोती आधी भरतात. हे सगळं खरं आहे. तरी माणसाने शोधलेल्या सामाजिक विम्यांत मी या शेताला वरचा नंबर देईन.

एस्वातिनीतही हीच चाल होती. तिथे मुखियाच्या त्या शेताचं नाव काय माहीत आहे? 'इंड्लुन्खुलू'! तेच, थोरल्या घराचं. एकच शब्द आजीच्या झोपडीला आणि पोरक्यांच्या शेताला. एड्सच्या काळात सरकारने आणि गावांनी या एका शब्दाभोवती बरंच काही उभं केलं. मुखियांच्या गावठाणांवर साध्या, एकदोन खोल्यांच्या इमारती बांधल्या आणि त्यांना नाव दिलं 'कागोगो'. तिथे गावातल्या मुलांची नोंद राहणार, शेतातलं धान्य साठणार, बैठका होणार. सरकारी इमारतीला 'आजीकडे' असं नाव देणारा दुसरा देश मला तरी ठाऊक नाही. आपल्याकडे असतं तर 'बहुउद्देशीय बालसंगोपन केंद्र' झालं असतं, आणि कुणी आत गेलं नसतं.

शेताची फळं वर्षातून एकदा. पोट रोज भुकेलं. त्यावर तोडगा निघाला तो चुलीचा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, युनिसेफच्या मदतीने, वाड्यावस्त्यांवर शेजारणींची चूल पेटू लागली. सुरुवातीला ती कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. तीन पायांचं काळं बिडाचं भांडं, मक्याची लापशी, भोवती ताटल्या घेऊन बसलेली पोरं. वस्तीतल्या बायका पाळीने येणार, लाकूडफाटा आणि पाणी आपापलं आणणार, शिजवणार, वाढणार, मग मुलांना गाणी आणि अक्षरं शिकवणार. पुढे कुठे भिंती आल्या, कुठे पत्रे, कुठे हात धुवायची सोय. आज अशी हजाराहून जास्त ठिकाणं त्या एवढ्याशा देशात आहेत. या बायकांना पगार नाही.

या चुलीची एक शहाणी गोष्ट अशी की ती नुसत्या पोरक्या मुलांसाठी नाही. वस्तीतलं कुठलंही लहान मूल येऊन बसू शकतं. का, ते ऐका. मदत संस्थांच्या कागदांवर अशा मुलांसाठी एक नाव रूढ झालं: 'अनाथ आणि असुरक्षित बालके', इंग्रजी आद्याक्षरांत 'ओव्हीसी'. कागदावर ते सोयीचं होतं. पण काही गावांत ती तीन अक्षरं कागदावरून उतरून शाळेच्या पटांगणात आली आणि पोरं एकमेकांना चिडवायला ती वापरू लागली. ज्याला नुसता शाळेचा गणवेश मिळायचा, त्याच्या अंगावर आता एक पाटीही आली. शेजारणींच्या ओळीत मात्र ताटली सगळ्यांच्या हातात असते. कोण पोरकं, कोण नाही, लापशीला कळत नाही.

पोट भरलं तरी दुसरं भय असतंच. मोठ्या माणसाची सावली नसलेल्या मुलीवर कुणाची नजर जाते, हे गावाला सांगावं लागत नाही. एस्वातिनीतल्या गावांनी आपल्यातूनच काही माणसं निवडली. मुलांनी त्यांच्याकडे यावं, सांगावं; त्यांनी ते ऐकावं आणि गरज पडली तर मुखियापर्यंत, पोलिसांपर्यंत न्यावं. या माणसांच्या पदाचं नाव 'लिह्लोम्बे लेकुखलेला'. अर्थ: 'रडायला खांदा'. माझ्या मते हे जगातलं सगळ्यात सुंदर पदनाम आहे. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर मुलांच्याच घरांना आधार देणाऱ्या शेजाऱ्यांना असंच एक नाव मिळालं: 'न्कुन्दाबाना', मला मुलं आवडतात.

झिंबाब्वेच्या पूर्वेला मुतारे शहर आहे. तिथे १९८७ साली जेफ फॉस्टर या बालरोगतज्ज्ञाने एड्सग्रस्त कुटुंबांसाठी एक विश्वस्त संस्था काढली आणि १९९३ पासून तिने आसपासच्या खेड्यांत एक अगदी साधं काम सुरू केलं. गावातल्या चर्चमधून बायका निवडायच्या, पुष्कळशा स्वतः विधवा. त्यांनी आपल्या चालण्याच्या टप्प्यातल्या पोरक्या मुलांच्या घरी नेमाने जायचं. देण्यासारखं फार नसे: थोडं बियाणं, कधी साबण, कधी शाळेची फी. मुख्य म्हणजे जायचं. छप्पर गळतंय का, धाकट्याचा खोकला गेला का, थोरलीने शाळा का सोडली. गावाला दिसतं की या घरी कुणीतरी येतं. जमीन बळकावणाऱ्या चुलत्यालाही ते दिसतं.

पैशाची गोष्ट उरली. आपल्या भिशीला तिकडे बहिणी पुष्कळ. पण या चालीला नवं वळण मिळालं ते नायजर देशातल्या मारादी भागात, १९९१ साली, 'केअर' या संस्थेच्या कामातून. पंधरावीस-पंचवीस बायकांचा गट. एक पत्र्याची पेटी. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, आणि पेटी ठेवणार चौथीच्या घरी. सगळ्या जमल्याशिवाय पेटी उघडतच नाही, आणि उघडते ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लिहिता न येणाऱ्यांसाठी वहीत शिक्के. पेटीत एक पिशवी वेगळी: आजारपण, मयत, अडीनडीसाठी. वर्षाअखेर सगळी बचत व्याजासकट वाटून घ्यायची आणि पुन्हा शून्यातून सुरुवात करायची, म्हणजे घोळ साचत नाही. बँकेशिवायची ही पेटी तिथून आफ्रिकाभर पसरली. ज्या गावांत पोरकी मुलं होती, तिथे त्या वेगळ्या पिशवीतून आणि वर्षाअखेरच्या वाट्यातून कित्येकांची फी भरली गेली, गणवेश शिवले गेले.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, मग बाहेरच्या मदतीची गरजच काय? असं म्हणणं या आज्यांवर अन्याय होईल. शेजारणींनी कितीही लापशी शिजवली तरी आईबापांचं मरण तिने थांबलं नाही. ते थांबवलं औषधांनी. २००२ मधला जागतिक निधी, २००३ मधली अमेरिकेची 'पेपफार' योजना आणि झिंबाब्वेने आपल्याच नोकरदारांच्या प्राप्तिकरावर बसवलेला तीन टक्क्यांचा एड्स अधिभार, या पैशांनी गोळ्या खेड्यांत पोचल्या. एस्वातिनी २०२० साली जगातल्या पहिल्या मोजक्या देशांत जाऊन बसला: तिथे एचआयव्हीबाधितांपैकी ९५ टक्के लोकांना आपला आजार माहीत, त्यातले ९५ टक्के औषधांवर, आणि त्यातल्या ९५ टक्क्यांच्या रक्तात विषाणू दबलेला. बाहेरच्या पैशाचा भरवसा किती, तेही २०२५ च्या जानेवारीत दिसलं. अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली आणि दवाखान्यांत धावपळ उडाली.

गोगोंचं काय? एस्वातिनी सरकारने २००५ पासून साठीच्या पुढच्या नागरिकांना वृद्धभत्ता द्यायला सुरुवात केली. फार मोठी रक्कम नाही. भत्त्याच्या दिवशी आज्या रांगेत उभ्या राहतात, पैसे मोजून घेतात, आणि त्यातून नातवंडांचं मक्याचं पीठ, वह्या, बूट निघतात. सरकारी जमाखर्चात हा खर्च वृद्धांच्या नावे पडतो.